‘सर, आयएमपी पाठवा’: एका बंद ग्रुपचं प्रकरण

जानेवारी 2024. सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर देऊन मुलं हॉलबाहेर पडत होती, तेवढ्यात अंबड एमआयडीसीतून एका विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, आपला पेपर आता कधीवर गेलाय?" मी म्हटलं, पेपर आत्ता सुटला. पलीकडे मशीनचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पण सर, पुढे ढकलल्याचं परिपत्रक आलं होतं ना."

या पेपरसाठी त्यानं पंधरा दिवस आधी रजा टाकली होती. आदल्या रात्री परिपत्रक पाहून सुपरवायझरला फोन केला, रजा रद्द करून घेतली आणि सकाळी फर्स्ट शिफ्टला हजर झाला. दिंडोरीकडची एक ताईही त्या दिवशी आली नव्हती. तिला तर आम्ही फोन करेपर्यंत पेपर बुडाल्याचा पत्ताच नव्हता.

परिपत्रकाचा फोटो मी संध्याकाळी पाहिला. लेटरहेड खरं, सही खरी, शिक्का खरा. उजव्या कोपऱ्यातली तारीख मात्र फोटो कापताना गेलेली. बोटांनी मोठा करून पाहिल्यावर डावीकडे जावक क्रमांक दिसला आणि त्याच्या शेवटी, तिरक्या रेघेनंतर, 2022. जुनं परिपत्रक कुणीतरी, बहुधा भल्या हेतूनंच, पुढे पाठवलं होतं.

मला लागलं ते वेगळंच. हा फोटो ज्या ग्रुपवर फिरला त्याचं नाव होतं ‘एफवाय ओरिजिनल’. आमच्या 74 पैकी साठेक जण त्यात होते. मी नव्हतो. असा ग्रुप आहे हेच मला माहीत नव्हतं. अधिकृत ग्रुप माझ्याकडे होता, आणि तो चार महिन्यांपूर्वी मीच बंद केला होता.

शांतता

मी शहरातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि रविवारी एका दूरशिक्षण अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांना शिकवणारा मार्गदर्शक, असतो. नाशिकमध्ये दूरशिक्षण म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 1989 साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय इथेच, गंगापूर धरणाजवळ आहे. ‘बाहेरून बीए करतोय’ हे वाक्य रिक्षात, बँकेच्या रांगेत, कुठेही कानावर पडतं. आमचं केंद्र कोणत्या विद्यापीठाचं आणि शहरात कुठे, हे मात्र सांगत नाही. पेपर बुडालेल्यांची ओळख पटू नये एवढंच कारण.

वर्ग असा: सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले कंत्राटी कामगार, दोन आशाताई, द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या तिघी-चौघी, लासलगावच्या मार्केट यार्डात काम करणारा एक, पंचवटीत भजीची गाडी लावणारा एक, आणि बारावीनंतर लग्न होऊन आठ-दहा वर्षांनी पुन्हा पुस्तक हातात घेतलेल्या बऱ्याच जणी. रविवारच्या संपर्क सत्राला वीस जण आले तरी आम्ही खूश. बाकीच्यांशी गाठ पडायची ती फोनवर, म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला.

पहिल्या महिन्यात त्यावर काय आलं ते सांगायला नको. शुभ सकाळ, देवांचे फोटो, झटपट कर्जाची एक लिंक, कुणाच्या तरी मामाच्या प्लॉटची जाहिरात. अभ्यासाचं म्हणून जे यायचं ते एकच: "सर, आयएमपी पाठवा." आयएमपी म्हणजे परीक्षेत येतील असे महत्त्वाचे प्रश्न. मग 19 सप्टेंबरला गणपती बसले. त्या एका दिवसात घरोघरच्या मखरांचे इतके फोटो आले की परीक्षा अर्जाच्या शेवटच्या तारखेचा माझा मेसेज कुठल्या कुठे वर निघून गेला. दुसऱ्या दिवशी सात जणांनी खासगीत तीच तारीख विचारली. मी वैतागलो. फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 2018 पासून आहे. ती सुरू केली आणि ग्रुप गप्प झाला.

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. वाटलं, शिस्त लागली. पुढे चार महिने मी त्यावर सूचना टाकत गेलो, बासष्ट पानांच्या नोट्स स्कॅन करून टाकल्या, यूट्यूबच्या लिंक टाकल्या. एकही तक्रार आली नाही. तक्रार करायला जागाच ठेवली नव्हती.

समंत्रकांच्या प्रशिक्षणात मायकेल मूर या अभ्यासकाचं नाव कानावरून गेलं होतं. त्याचं म्हणणं साधारण असं की दूरशिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. अभ्यासक्रमाची चौकट किती घट्ट आहे आणि तिच्यात बोलायला वाव किती, यावर ते अंतर ठरतं. चौकट घट्ट आणि बोलणं शून्य, तर पुढच्या बाकावर बसलेला विद्यार्थीही लांबच. प्रशिक्षणात मी हे वहीत उतरवून घेतलं होतं. ग्रुप बंद करताना ती वही कपाटात होती.

मुलांना बोलायचंच होतं. मी दार लावलं तर त्यांनी शेजारी दुसरं उघडलं. तिथे शुभ सकाळही चालायचं, गृहपाठही चालायचा, आणि एखादं परिपत्रक खोटं की जुनं हे सांगणारं मात्र कुणी नव्हतं.

कोण कधी वाचतं

फेब्रुवारीत ग्रुप पुन्हा उघडायचा ठरवलं. सहकारी मॅडमनी मला थांबवलं. "उघडाल, आणि परत मखरं येतील. आधी ही माणसं फोन कधी हातात घेतात ते तरी बघा."

ते बघता येतं. ग्रुपवरच्या आपल्या मेसेजवर बोट दाबून धरून माहिती उघडली की कुणी तो किती वाजता वाचला याची यादी येते. एकेकट्याच्या चॅटमध्ये निळ्या खुणा बंद करता येतात, ग्रुपमध्ये येत नाहीत. मी आठवडाभर वेगवेगळ्या वेळी साध्या सूचना टाकल्या आणि वाचल्याच्या वेळा वहीत लिहिल्या. थोडी पाळत ठेवल्यासारखं वाटलं. पुढच्या सत्रात मुलांना ते सांगूनही टाकलं. भजीवाला हसून म्हणाला, "आमची बायको पण हेच बघते सर."

वही बघून माझीच मला लाज वाटली. इतके महिने मी रात्री नऊला लिहीत आलो होतो, कारण नऊला माझं जेवण झालेलं असतं. त्या वेळी सेकंड शिफ्टवाला मशीनवर, बायका ओट्यापाशी, आणि मजुरीवरून आलेली बाई झोपायच्या तयारीत. तिचा फोन तर मुलाच्या हातात. दुपारी पावणेचारच्या सुमाराला मात्र वाचणाऱ्यांची एकदम गर्दी व्हायची. फर्स्ट शिफ्ट सुटून कंपनीच्या बसमध्ये बसलेली असते. घरी असलेल्या बायकांचं जेवणखाण आवरलेलं असतं आणि मुलं शाळेतून यायची असतात. मला स्वतःला पावणेचारला तास असतो. म्हणून मेसेज सकाळी लिहून ठेवायचा आणि तास सुरू होण्याआधी वर्गाच्या दारातून पाठवायचा, अशी सवय लावून घेतली.

दुसरं कळलं ते पीडीएफचं. बासष्ट पानांची ती फाइल बहुतेकांनी उघडलीच नव्हती. फोनची मेमरी भरलेली, त्यात पोरांच्या शाळेचे व्हिडिओ. त्यानंतर एका वेळी पुस्तकाच्या एकाच पानाचा फोटो.

कांदा

सोमवारी पावणेचारला टाकलेला पहिला प्रश्न असा होता: ‘कांदा 20 रुपयांवरून 40 रुपये किलो झाला, तर तुमच्या घरी महिन्याला किती किलो कमी येतो? लिहा किंवा बोलून पाठवा.’

‘बोलून पाठवा’ हे दोन शब्द मी सहज लिहिले होते. पण सगळं काम त्या दोन शब्दांनीच केलं. आमच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना फोनवर मराठी टाइप करायचा कंटाळा येतो आणि शुद्धलेखनाची सरांसमोर लाज वाटते. आवाजाला दोन्ही नाही. पहिलं उत्तर सिडकोतल्या एका ताईंचं, मागे कुकरची शिट्टी: "आमच्याकडे पाच किलो लागतो, महाग झाला तर चार आणते. चारच्या खाली नाही येत, सासऱ्यांना जेवताना कांदा लागतो."

मी तिथेच हिशेब मांडला. भाव 100 टक्के वाढला, मागणी 20 टक्के घटली. लवचिकता, म्हणजे भाव बदलला की त्या प्रमाणात मागणी किती बदलते, ती 0.2. एकापेक्षा कमी, म्हणजे अलवचिक मागणी. हीच व्याख्या मी सत्रात फळ्यावर तीनदा लिहिली होती आणि तिन्ही वेळा ती वहीत उतरून तिथेच राहिली होती.

भजीवाल्यानं लगेच फाटा फोडला. घरच्यांना कांदा सुटत नसेल, पण गाडीवर सुटतो. भाव चढला की कांदाभजीच्या पिठात कोबी जातो. "गिऱ्हाइकाला कळतं सर, पण बोलत नाही." पर्यायी वस्तू मिळाली की मागणी जास्त लवचिक होते, हे पुस्तकातलं पुढचंच पान. मला ते शिकवावं लागलं नाही, फक्त त्या पानाचा फोटो टाकला.

त्या दिवसांत कांद्याची निर्यात बंद होती. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, 8 डिसेंबरपासून सरळ बंदी आली, ती 4 मे 2024 पर्यंत टिकली. निफाडच्या एका मुलानं विचारलं, घरचा लाल कांदा मातीमोल चालला होता त्याचा: "भाव एवढा पडलाय तर लोक जास्त कांदा का खात नाहीत सर? जास्त खाल्ला असता तर भाव सावरला असता." फार चांगला प्रश्न. उत्तर सिडकोच्या ताईंच्या पाच आणि चार किलोंतच होतं. महाग झाला म्हणून जे घर कांदा फारसा कमी करत नाही, ते स्वस्त झाला म्हणून दुप्पटही आणत नाही. निर्यात थांबली की बाहेर जाणारा सगळा माल आतल्या बाजारात येतो, खाणारे तेवढेच राहतात, मग तो खपवायला भाव खूपच खाली यावा लागतो. अलवचिक मागणीचा फटका शेतकऱ्याला असा बसतो. त्या दिवशी ग्रुपवर पाऊण तास कुणी आयएमपी मागितलं नाही.

पुढच्या सोमवारी पुरवठा. आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 च्या ग्रंथात अगदी अल्पकाळातला पुरवठा समजावताना मासळीचं उदाहरण घेतलं होतं. किनाऱ्यावर आज जेवढी मासळी आली तेवढीच, भाव कितीही असो. मी तेच आपल्याकडच्या मालावर बसवलं: ‘द्राक्ष थांबत नाही, कांदा चाळीत थांबतो. तर अल्पकाळात कुणाचा पुरवठा जास्त लवचिक?’ चाळ म्हणजे इथे कांदा साठवायची शेतातली शेड.

वीस मिनिटांनी लासलगावच्या मुलाचा आवाज आला. मागे ट्रॅक्टरची घरघर, कुणीतरी लिलावाचे आकडे ओरडतंय, आणि मधूनच हा तोंडाजवळ हात धरून: "सर, तुम्ही सगळा कांदा एकच धरला. आत्ता जो येतोय तो लाल. त्यात पाणी जास्त, तो चाळीत नाही टिकत, सडतो. चाळीत ठेवतात तो उन्हाळ. तो मार्च-एप्रिलला निघंल आणि नीट ठेवला तर चार-पाच महिने बसंल. म्हणजे आत्ता कांद्याचं पण द्राक्षासारखंच."

बरोबर होतं, आणि मी चुकलो होतो. एकाच पिकात हंगामानुसार पुरवठ्याची लवचिकता बदलते, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात इतक्या सरळ लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. ‘माझा प्रश्न चुकीचा होता, भाऊंनी दुरुस्त केला’ असं ग्रुपवर लिहिलं. मग बागेत जाणाऱ्या एका ताईंनी मला दुसऱ्या बाजूनं पकडलं: द्राक्ष थांबत नाही हे खरं, पण माल जास्त झाला की त्याचा बेदाणा करतात, तो वर्षभर थांबतो. याच ताई सत्रात शेवटच्या रांगेत बसून हजेरीपुरतंच तोंड उघडायच्या.

सर चुकू शकतात आणि तसं कबूल करतात, हे दिसल्यावर ग्रुपचा नूर बदलला. प्रश्न विचारायला माझी गरज कमी झाली. ‘एफवाय ओरिजिनल’ कुणी बंद केला नाही, मीही सांगितलं नाही. मखरं आणि मामाचे प्लॉट तिकडे जात राहिले.

ज्या निघून गेल्या

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सप्टेंबरच्या आधी, ग्रुप खुला होता तेव्हा, पाच-सहा बायका ग्रुप सोडून गेल्या होत्या. मला वाटलं, अभ्यास सोडला असेल. यादीवर फुल्या मारल्या आणि मोकळा झालो.

मॅडमनी एकीला सहज फोन केला तेव्हा कारण कळलं. ग्रुपमध्ये आलं की नंबर सगळ्यांना दिसतो. रात्री अकराला कुण्या सहविद्यार्थ्याचा ‘हाय’ आला. नुसता ‘हाय’, पुढे काही नाही. पण तो नवऱ्यानं पाहिला. "बीए कर, पण ग्रुप नको," असं घरात ठरलं. ताईंनी हे मला सांगितलं नाही, आणि का सांगावं? दुसऱ्या दोघींचंही साधारण तसंच.

टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, म्हणून तिकडे जावं असं मी सुचवलं. पण नवीन अ‍ॅपसाठी मेमरी नाही, आणि ‘हे कसलं अ‍ॅप’ या प्रश्नाला घरात पुन्हा उत्तर द्या. शेवटी मॅडमनी बायकांचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, त्यात मी नाही. मोठ्या ग्रुपसाठी एक नियम केला: सहविद्यार्थ्याला खासगी मेसेज करायचा तर आधी ग्रुपवर विचारायचं. एकानं मोडला, त्याला काढलं, फोन करून कारणही सांगितलं.

वेगळा ग्रुप मला अजून पटलेला नाही. मुलामुलींना वेगळं बसवण्यासारखंच ते वाटतं. पण सोडून गेलेल्यांपैकी चौघी त्यात परत आल्या, आणि मॅडम म्हणतात की तिथे जेवढे प्रश्न येतात तेवढे मोठ्या ग्रुपवर येत नाहीत. बागेतल्या ताईंचा बेदाणाही आधी तिथेच आला होता. मॅडमनी ‘हे तिकडे बोला’ म्हटलं, तेव्हा त्या बोलल्या.

वर्षभर एक शब्द न लिहिणारेही होते. मी त्यांना गळाल्यातच धरत होतो. मार्चच्या सत्रात मी विचारलं, लाल आणि उन्हाळमध्ये फरक काय, तर अशाच एका ताईंनी लासलगावच्या मुलाचं सगळं बोलणं क्रमानं सांगितलं, पाणी जास्त असतं इथपासून. त्यांनी ते तीनदा ऐकलं होतं. फोन जावेचा, म्हणून उत्तर पाठवायचा संकोच. तेव्हापासून किती जण लिहितात हे मोजणं मी सोडून दिलं.

फसलं ते

रात्री आठचा ऑनलाइन तास तीनदा घेतला. तिसऱ्या वेळी आम्ही चौघे होतो, त्यात मी आणि मॅडम. इन्स्टाग्रामवर मागणीचा नियम साठ सेकंदांत सांगणारी रील केली. पाहिली बरीच जणांनी, पण माझ्या भाच्याच्या मित्रांनी, आमच्या विद्यार्थ्यांनी नाही. फेसबुक पेज काढलं होतं ते अजून आहे, त्यावर शेवटची पोस्ट दिवाळीची.

निकालाबद्दल मी काही दावा करणार नाही. दुसऱ्या सत्रात पेपरला न आलेले कमी होते, पण त्या वेळी लग्नसराई नव्हती आणि पेपरही रविवारी होते. ग्रुपचा त्यात वाटा किती, हे माझ्या वहीवरून ठरत नाही.

परिपत्रकांचं मात्र ठरवून टाकलं. फोटो आला की वरची तारीख आणि जावक क्रमांक दोन्ही दिसले पाहिजेत, नसतील तर तो कुणी पुढे पाठवायचा नाही. दिसले तरी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तेच परिपत्रक सापडेपर्यंत त्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे बघायला मी एकटा पुरणार नव्हतो, म्हणून तीन विद्यार्थ्यांना अ‍ॅडमिन केलं: एक शहरातला, एक निफाडकडचा, आणि अंबडचा तो. त्यानं बुडालेला पेपर पुढच्या परीक्षेत दिला, आधी रजा टाकूनच.

गेल्या महिन्यात रात्री पावणेबाराला ग्रुपवर एक फोटो आला. परीक्षा अर्जाला मुदतवाढ. मी झोपलो होतो. सकाळी पाहिलं तर खाली त्याचा मेसेज होता, सेकंड शिफ्टवरून घरी जातानाचा: ‘वरची तारीख कापलेली आहे. पूर्ण फोटो टाका, तोपर्यंत कुणी पुढे पाठवू नका.’ दहा मिनिटांनी पूर्ण फोटो आला होता, आणि त्याखाली त्यानंच शोधलेली संकेतस्थळाची लिंक. परिपत्रक खरं होतं. मुदत चार दिवसांनी वाढली होती.